नमुना नऊ आणि एक सरडा

माणसं उतारवयात काय काय पुन्हा सुरू करतात. कुणी पेटी वाजवायला लागतं, कुणी पोहायला जातं. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा शीर्षासन सुरू केलं आणि तीन आठवडे मानेला पट्टा लावून हिंडले. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही, उलट सगळ्यांनी त्यांच्या मानेची चौकशी केली. मी अठरा वर्षांनी पुन्हा सरडा आणि पाल पाळायला घेतली, तेव्हा मात्र लोकांनी चौकशी केली ती माझ्या बायकोची. जिन्यात भेटेल तो तिला आवाज उतरवून विचारायचा, "वहिनी, घरी सगळं ठीक ना?"

सरडे मी सोडले ते मुलगी झाली तेव्हा. घरात रांगणारं एकच पुरे, असं बायको म्हणाली होती आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. शेवटचा सरडा मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला देऊन आलो. त्यानंतर अठरा वर्षं चारचौघांसारखा जगलो. आता मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि मी दिवसातून दोनदा त्या खोलीचं दार उघडून आत बघायचो आणि पुन्हा लावायचो. बायकोने ते तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "आणा काय आणायचंय ते. पण दोन अटी. एक, सगळं कागदावर हवं. परवाना, सही, शिक्का. उद्या कुणी बोट दाखवता कामा नये. आणि दोन, त्या खोलीबाहेर माझ्या घरात एकही किडा दिसता कामा नये. एक अट मोडली तरी दोन्ही जनावरं परत."

मी दोन्ही अटी आनंदाने मान्य केल्या. त्या वेळी मला नमुना नऊ माहीत नव्हता.

दुकानात जाताना मी माझी जुनी वही घेऊन गेलो. वहीवर सुवाच्य अक्षरात "सरडे : आहार व आरोग्य" असं लिहिलेलं आहे. दुकानदाराने पहिली दोन पानं आदराने वाचली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमचे सरडे जगायचे कसे?" अठरा वर्षांत जग पुढे गेलं होतं. आता साधा बल्ब चालत नाही, उन्हासारखा उजेड देणारा खास दिवा लागतो. पाणी वाटीत ठेवून चालत नाही, कारण सरडा वाटीतलं पाणी पितच नाही. त्याला पानांवर तुषार मारणारं यंत्र लागतं आणि त्या यंत्राला वेळ लावायचं घड्याळ लागतं. सरड्याला खायला जिवंत रातकिडे लागतात हे मला ठाऊक होतं. पण त्या रातकिड्यांनाही वेळेवर खायला घालायचं, त्यांच्या अंगाला जीवनसत्त्वाची पावडर लावायची आणि मग त्यांना सरड्यापुढे सोडायचं, हे नवीन होतं. "किडा उपाशी तर सरडा उपाशी," दुकानदार म्हणाला. मला स्वतःला जेवण वेळेवर मिळतं का, हे त्याने विचारलं नाही.

तर दोघं घरी आले. सरडा वीतभर, पोपटी हिरवा, डोक्यावर उंच तुरा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. एक डोळा माझ्यावर आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळावर, हे बघून मला आमच्या ऑफिसची आठवण झाली आणि मी त्याचं नाव साहेब ठेवलं. दुसरी गेको, म्हणजे शुद्ध मराठीत पाल. पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची. हिला पापण्या असतात आणि ती तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटते, उघडते, जणू सगळं ऐकून घेतलंय पण पटलेलं नाही. ती मावशी.

आता पाल विकत आणणाऱ्या माणसाला समाजात काय स्थान आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. खालच्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहतात. त्यांनी मला एकच प्रश्न तीन वेळा विचारला. "पाल विकत आणली? विकत? पाल?" मग तो त्यांनी जिन्यातल्या प्रत्येकाला विचारला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खास बघायला आले. मी त्यांना अभिमानाने सांगितलं की ही वाळवंटी जात आहे, हिच्या पायांना चिकट गाद्या नसतात, त्यामुळे ही भिंतीवर चढत नाही.

"भिंतीवर चढत नाही?"

"नाही."

"म्हणजे नापास पाल," मुख्याध्यापक म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

दोन दिवसांनी शेजारच्या शिवणकामवाल्या बाई केराच्या सुपलीवर डबा उपडा धरून दारात उभ्या. डब्याखाली त्यांच्या स्वयंपाकघरातली पाल होती. "भाऊजी, तुम्हाला हव्या असतात ना? आमच्याकडे आणखी दोन आहेत, पण त्या उंचावर आहेत." मी नम्रपणे नको म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "आमची चालत नाही होय. पापण्या नाहीत म्हणून?" तेव्हापासून त्या माझ्या शर्टाची बटणं लावून देत नाहीत.

आमच्या घरात माझ्या सासूबाईही असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. जावईबापूंना सांगून ठेव." मी समोरच बसलो होतो, पण महत्त्वाचे निरोप त्या मला मुलीमार्फतच देतात.

परवान्याचं घोडं पुढे दामटायला मी एक दिवस रजा काढली. परदेशी पाळीव प्राणी नोंदणी कक्ष हा पूर्वी गुरांच्या नोंदणीचा कक्ष होता. नाव बदललं, पाटी बदलली, फॉर्म तोच राहिला. नमुना नऊ. सव्वीस रकाने. चार नंबरच्या खिडकीत बसलेल्या बाई अतिशय सज्जन होत्या. मुद्दाम छळणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. या बाई मनापासून मदत करत होत्या.

"शिंगं?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. डोक्यावर तुरा आहे."

"तुऱ्याला रकाना नाही. शिंगं एक लिहूया. दूध देतो का?"

"सरडा आहे हो."

"नाही लिहिते. नांगराला उपयोगी? तेही नाही. रंग?"

मी रंगाच्या रकान्यात प्रामाणिकपणे "बदलता" असं लिहिलं होतं. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला, तो शब्द वाचला आणि हलकेच काट मारली. "असं चालत नाही. रंग एकच लागतो. गाय बांडी, म्हणजे काळीपांढरी असली तर आम्ही बांडी लिहितो. पण ती दिवसभर बांडीच असते."

"सरडा रंग बदलतो, बाई. पूर्वापार म्हणतात तसं."

"मला माहीत आहे सरडा रंग बदलतो. फॉर्म बदलत नाही ना."

मागे अकरा माणसांची रांग होती आणि एकाच्या हातात पिंजऱ्यात पोपट होता, तो सारखा "चला, चला" म्हणत होता. मी हिरवा लिहिलं. मावशीची लांबी एकवीस सेंटिमीटर लिहिली. बाईंनी दोन्हीवर शिक्के मारले आणि सांगितलं की निरीक्षक घरी येऊन प्राणी अर्जाबरहुकूम आहेत का ते बघतील. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण घरात खरी पाल असताना माणूस तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही.

निरीक्षक येईपर्यंतच्या आठ दिवसांत एकच गडबड झाली. रातकिड्यांच्या डब्याचं झाकण मी एकदा नीट लावलं नाही. झाकण नीट न लागण्याला माझ्या वहीत स्वतंत्र पान आहे, तरीही. एक रातकिडा खिडकीतून पाइपावर आणि पाइपावरून खाली सेक्रेटरींच्या टीव्हीच्या कपाटामागे गेला. तिथे त्याला ऊब मिळाली आणि तो रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला गायला लागला. सेक्रेटरींना वाटलं वायरिंग शॉर्ट होतंय. त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने कपाटामागची सगळी वायर बदलली. रातकिडा नव्या वायरवर जास्त मोकळ्या आवाजात गाऊ लागला. मग सेक्रेटरी वर आले.

"तुमच्याकडे असा आवाज येतो का हो, किर्र किर्र?"

मी तोंड उघडणार एवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाही बाई. आमच्याकडे नाही येत." सेक्रेटरी गेले. मी खाली मान घालून उभा राहिलो. दुसरी अट मोडली होती आणि माझी दोन्ही जनावरं परत जाणार होती.

"माझ्या घरात दिसता कामा नये, असं म्हटलं होतं मी," बायको पोळपाट पुसत म्हणाली. "माझ्या घरात कुठे दिसला? त्यांच्या घरात आहे तो." आणि मग, "पण पहिल्या अटीला अशी पळवाट नाही हं. परवाना हवाच."

निरीक्षक आले ते सडसडीत, गंभीर गृहस्थ. हातात फाइल, खिशात लाकडी फूटपट्टी. मी त्यांना खोलीत नेलं. सकाळपासून मी साहेबांना तयार करत होतो. पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून दोन तास त्यांच्याशी गोड बोलत होतो. निरीक्षकांनी फाइल उघडली. "रंग हिरवा," त्यांनी वाचलं आणि पिंजऱ्यात बघितलं. फांदीवर साहेब बसले होते. जळक्या लाकडासारखे काळपट तपकिरी, अंगावर आणखी काळे पट्टे.

"हिरवा कुठे आहे?"

"हाच तो."

निरीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. अशा नजरेने माझ्याकडे यापूर्वी फक्त आमच्या लग्नात सासऱ्यांनी बघितलं होतं. "हा तपकिरी आहे," ते शांतपणे म्हणाले आणि लिहू लागले. मी त्यांना विज्ञान सांगितलं. ते ऐकून घेत लिहितच राहिले. मग मावशीची पाळी. तिला त्यांनी टेबलावर घेतलं आणि फूटपट्टी लावली. पट्टी शेपटीवर जरा जोरात टेकली असावी. मावशीने एकदा डोळे मिटले, उघडले, आणि शेपटी टाकली. शेपटी टेबलावरून उडी मारून फाइलमध्ये पडली आणि नमुना नऊवर वळवळायला लागली. निरीक्षक खुर्चीवर चढले. तिथूनच, शेपटी थांबेपर्यंत वाट बघून, त्यांनी उरलेली मावशी मोजली. बारा सेंटिमीटर.

चार दिवसांनी नोटीस आली. तिचा सारांश असा. अर्जदाराने एक हिरवा सरडा व एक एकवीस सेंटिमीटरची पाल नोंदवली आहे. प्रत्यक्ष तपासणीत हे प्राणी आढळले नाहीत. त्याऐवजी एक तपकिरी सरडा व एक बारा सेंटिमीटरची पाल विनानोंद आढळली. सबब अर्जदाराकडे एकूण चार प्राणी असून मर्यादा दोनची आहे. गहाळ प्राण्यांचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. फेरतपासणीत प्राणी अर्जाबरहुकूम न आढळल्यास जागेवर असलेले प्राणी सरकारी संगोपन केंद्रात जमा करण्यात येतील.

बायकोने नोटीस दोनदा वाचली. "चार?" ती म्हणाली. "मला तर दोनाचं सांगितलं होतं."

खिडकी नंबर चारच्या बाईंना माझ्याबद्दल खरंच वाईट वाटलं. त्यांनी आधी हिरवा सरडा हरवल्याची तक्रार देण्याचा सल्ला दिला. हरवल्याचा दाखला मिळाला की तपकिरी नवीन म्हणून नोंदवता येईल. पण त्यात सहा महिने जातील आणि तोवर तपकिरी केंद्रात राहील. "त्यापेक्षा सोपं म्हणजे," त्या म्हणाल्या, "फेरतपासणीला हिरवा दाखवा. आणि पालीचं काय ते, शेपटी आहे का तुमच्याकडे?"

"आहे." ती मी फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात, एका डबीत ठेवली होती. ही गोष्ट अजून बायकोला सांगायची होती.

"मग जोडपत्र म्हणून जोडा. बारा आणि नऊ एकवीस. तिची अडचण नाही."

म्हणजे घोडं अडलं ते साहेबांपाशी. पंधरा दिवसांत सरडा हिरवा करायचा. मला संगोपन केंद्र माहीत होतं. बसमधून जाताना दिसतं. पत्र्याची शेड आणि बाहेर रंग उडालेली मोराची पाटी. साहेबांना मी तिथे जाऊ देणार नव्हतो. एकदा सरडा पिशवीतून नेऊन रिकाम्या पिशवीने घरी आलो होतो आणि ती पिशवी अजून माझ्या कपाटात आहे, ही गोष्ट मी तेव्हाही कुणाला सांगितली नव्हती.

मी ऑफिसातून आठ दिवस रजा घेतली. कारणाच्या रकान्यात "घरात आजारपण" लिहिलं. इमारतीत बातमी पसरली होतीच. सेक्रेटरी म्हणाले, मागे हिरवा पडदा लावा, सरडा बघून शिकेल. मी हिरवा पडदा, हिरवी चादर आणि हिरवा टॉवेल लावला. साहेब अधिक काळे पडले. मुख्याध्यापकांच्या मते त्याला प्रोत्साहनाची गरज होती, त्यांनी पिंजऱ्यापुढे उभं राहून दहा मिनिटं भाषण केलं आणि शेवटी "समजलं?" असं विचारलं. कोपऱ्यावरच्या होमिओपॅथनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. त्या सरड्याला द्यायच्या का मला, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. शिवणकामवाल्या बाईंनी दार अर्धंच उघडून सांगितलं की साध्या पाली कधी असा त्रास देत नाहीत.

मी स्वतः मात्र शास्त्राला धरून होतो. दिव्याचं अंतर मोजलं, पाण्याचे तुषार वाढवले, पावडर बदलली. आणि बाकी सगळा वेळ पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून त्यांच्याकडे बघत बसलो, म्हणजे रंगात जरा फरक पडला तर लगेच कळावं. सकाळी सात ते रात्री त्यांच्या झोपेपर्यंत. इतक्या मायेने मी आयुष्यात फक्त एकाच व्यक्तीकडे बघत बसलेलो आहे, आणि ती परगावी शिकते. साहेब तपकिरी ते तपकिरीच.

नवव्या दिवशी नाइलाजाने ऑफिसला गेलो. तिथे लक्ष लागेना, म्हणून दुपारीच परत आलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून सासूबाईंचा आवाज येत होता. ज्या खोलीत त्या पाय ठेवणार नव्हत्या, त्या खोलीत माझ्या स्टुलावर बसून, पिंजऱ्याकडे पाठ करून त्या विणत होत्या. सरड्याच्या दिव्याची ऊब पाठीला चांगली लागते, असा शोध त्यांनी लावला होता. विणता विणता त्या कुणालातरी माझ्याबद्दल सांगत होत्या. "हुशार आहेत, नाही म्हणत नाही. पण एका गोष्टीच्या मागे लागले की दुसऱ्याला श्वास घेऊ देत नाहीत." त्यांच्या मागे, त्यांच्या अंबाड्यापासून हातभर अंतरावर, साहेब ऐकत होते. कोवळ्या केळीच्या पानासारखे हिरवे. अंगावर निळसर ठिपके. मी दुकानातसुद्धा त्यांना इतकं सुंदर बघितलं नव्हतं.

मी आनंदाने दार ढकललं. साहेबांचा एक डोळा माझ्याकडे वळला. मग दुसरा वळला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, तुऱ्यापासून शेपटीपर्यंत, ते तपकिरी झाले.

मला फार लागलं. जो माणूस किड्यांना पावडर लावतो, त्याला बघून काळं पडायचं, आणि जी बाई ढुंकून बघत नाही, तिच्यापाशी हिरवं व्हायचं. संध्याकाळी जेवताना मी हे बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "तुम्ही तासन् तास डोळे लावून बसता. त्याला काय कळणार तुम्ही प्रेम करताय? त्याला वाटत असेल, खाणार हा आपल्याला." मला ते पटलं नाही. म्हणून मी मुलीला फोन केला. ती शास्त्र शिकते, ती माझी बाजू घेईल असं वाटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, परीक्षेच्या वेळी तुम्ही माझ्या दारात उभे राहायचात, आठवतंय? काही बोलायचा नाहीत. नुसते बघायचात."

"तुला काही हवं असेल म्हणून."

"माहीत आहे. पण मला घाम फुटायचा." ती हसली. "मला रंग बदलता येत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही."

ते स्टूल मी त्याच दिवशी सासूबाईंच्या हवाली केलं.

फेरतपासणीची योजना बायकोने आखली. मी घराबाहेर थांबायचं, सासूबाईंनी विणत बसायचं, निरीक्षकांनी हिरवा सरडा बघायचा, सही करायची, जायचं. योजना बिनचूक होती. निरीक्षक आले, दारातच त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "तपासणीच्या वेळी अर्जदार खोलीत समक्ष हजर पाहिजे. नियम सहा." मी जिन्यावर, सेक्रेटरींच्या खुर्चीत बसून हे ऐकत होतो. सेक्रेटरींनी माझा खांदा दाबला, जसा दवाखान्यात दाबतात.

बायकोने दोन क्षण विचार केला. मग ती मला मधल्या दाराने खोलीत घेऊन गेली आणि मुलीच्या कपड्यांच्या कपाटात उभं केलं. दार लावलं. आत मुलीचे हिवाळी कपडे आणि डांबरगोळ्यांचा वास. माझं वय त्रेपन्न आहे. मी एका खात्यात वरिष्ठ सहायक आहे.

बाहेरून निरीक्षकांचा आवाज आला. "अर्जदार?"

"हजर," मी कपाटातून म्हणालो.

नियमात खोलीत हजर असं होतं, कुठे उभं राहून ते नव्हतं. निरीक्षक बहुधा नियम मनातल्या मनात पुन्हा वाचत असावेत. मग बराच वेळ सासूबाईंच्या सुयांचा आवाज. शेवटी निरीक्षक हळूच म्हणाले, "हिरवा आहे की." आणि मग, फाइलीसाठी नव्हे, स्वतःशीच, "किती छान आहे हा."

मी मुलीच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून उभा राहिलो. जोडपत्र आलं, डबी उघडली गेली, बारा आणि नऊ एकवीस झाले. बायकोला डबी कुठे ठेवली होती ते तेव्हाच कळलं. ती काही बोलली नाही, पण ते कपाटातूनसुद्धा ऐकू आलं.

"आता एकच मुद्दा राहिला," निरीक्षक म्हणाले. "मागच्या वेळचा तपकिरी कुठे गेला? तो कागदावर आहे. हा हिरवा सापडला, चांगली गोष्ट आहे. पण तपकिरी कमी झाला ना." सासूबाईंच्या सुया थांबल्या. बायको म्हणाली, "तो हाच होता." निरीक्षक म्हणाले, "पुरावा?"

मला कळलं की आता लाज बाळगून उपयोग नाही. मी आतून कपाटाचं दार ढकललं आणि डोक्यावर मुलीची लोकरी टोपी अडकलेली असताना बाहेर आलो. "निरीक्षकसाहेब," मी म्हणालो, "घड्याळ लावा आणि त्याच्याकडे बघा."

साहेबांचा एक डोळा निरीक्षकांवर होता. दुसरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबला. मग पहिलाही आला. तुऱ्यावर आधी एक मळकट सावली पडली, मग गळा, मग पाठ, मग पट्टे. निरीक्षक वाकून बघत होते. मी सगळ्यांदेखत मध्यभागी उभा होतो आणि माझं जनावर मला बघून काळं पडत होतं.

"बावन्न सेकंद," निरीक्षक म्हणाले. "आता आत जा बरं."

मी कपाटात गेलो. सासूबाई विणू लागल्या. आठ मिनिटांनी मला बाहेर बोलावलं गेलं. पुन्हा काळा. निरीक्षकांनी हा प्रयोग तीन वेळा केला. त्यांच्या नोकरीत त्यांना इतका आनंद याआधी झाला नसावा, असं बायको नंतर म्हणाली. मग त्यांनी टेबलाशी बसून, सावकाश, वळणदार अक्षरात परवाना लिहिला. मावशीच्या नव्या शेपटीच्या वाढीचा अहवाल दर तीन महिन्यांनी द्यायचा. सरडा : एक. रंग : हिरवा. आणि ओळखीची खूण या रकान्यात, जो गुरांच्या काळापासून बहुधा प्रथमच भरला जात होता, त्यांनी लिहिलं : अर्जदार दिसताच काळा पडतो.

तो परवाना आता खोलीत पिंजऱ्याशेजारी फ्रेम करून लावला आहे. सेक्रेटरी, मुख्याध्यापक आणि शिवणकामवाल्या बाई येऊन वाचून गेले. बाईंनी माझ्या शर्टाचं बटणही लावून दिलं. रातकिडा अजून खाली आहे. सेक्रेटरी आता टीव्ही बदलायच्या विचारात आहेत. मुलीला मी रोज फोन करत नाही. रविवारी तीच करते, आणि हल्ली बराच वेळ बोलते.

संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी रातकिड्यांना पावडर लावतो, ते पिंजऱ्यात सोडतो आणि मग पाठ करून बसतो. पेपर वाचतो. काल सासूबाई बाहेर गेल्या होत्या, म्हणून मी एकटाच होतो. बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही वेळ माझ्या मागे बघत राहिली.

"हिरवा झालाय," ती म्हणाली.

"खरंच?"

"अगदी पोपटासारखा. वळू नका."

मी वळलो नाही. पेपरचं तेच पान मी पुन्हा वाचत राहिलो.